सेपांग २०१५: रॉसीचं दहावं टायटल गुरुवारीच गेलं होतं

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधल्या मलेशियाच्या सेपांगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, व्हॅलेंटिनो रॉसीने मार्क मार्केझला लाथ मारली की नाही मारली. इतकी वर्षं झाली तरी लोक त्याच दोन-चार सेकंदांच्या क्लिपवर अडकलेत, कोणी स्लो मोशन टाकतो, कोणी वरून घेतलेला शॉट टाकतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूचे लोक तीच क्लिप पुरावा म्हणून फिरवतात. माझं म्हणणं असं की लाथेचा मुद्दा दुय्यम आहे. २५ ऑक्टोबर २०१५ च्या रविवारी जे झालं त्याची तयारी तीन दिवस आधी प्रेस कॉन्फरन्समध्ये झाली होती, आणि ज्या स्वभावासाठी आपण रॉसीला डोक्यावर घेतलं त्याच स्वभावाने ते टायटल घालवलं. मी रॉसीचाच फॅन आहे बरं का, त्यामुळे शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाचा.

आधी आकडे, कारण भांडणात ते कोणीच सांगत नाही

व्हॅलेंटिनो रॉसी तेव्हा ३६ वर्षांचा. नऊ वर्ल्ड टायटल खिशात, त्यातली सात मोठ्या क्लासमधली, पण शेवटचं २००९ चं. मधे डुकाटीवर दोन वर्षं वाया गेली, २०१३ ला यामाहात परत आला तेव्हा निम्मे लोक म्हणत होते की आता हा फक्त टोप्या आणि टीशर्ट विकायला आलाय. आणि मग २०१५ ला कतारची पहिली रेस जिंकून चॅम्पियनशिपमध्ये जो पुढे बसला तो, मधे एका रेसपुरती बरोबरी झाली ती सोडली तर, सेपांगपर्यंत पुढेच राहिला. अठरापैकी पंधरा रेसमध्ये पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत. त्या वयात हे म्हणजे खरंच खायचं काम नाही.

पण जिंकला किती? चार. कतार, अर्जेंटिना, असेन, सिल्व्हरस्टोन. त्याच यामाहावर त्याच गॅरेजमधला होर्हे लोरेंझो जिंकला सात. हा आकडा आपण रॉसीवाले सोयीस्कर विसरतो. लोरेंझो ज्या दिवशी फॉर्मात असायचा त्या दिवशी पहिल्या कॉर्नरपासून निघून जायचा आणि मागे वळून बघायचा नाही, रॉसी मात्र दर रविवारी काही ना काही गोळा करत राहिला. एकाचा वेग जास्त, दुसऱ्याचं सातत्य जास्त. सेपांगच्या आधीची ऑस्ट्रेलियातली फिलिप आयलंडची रेस संपल्यावर हिशोब होता रॉसी २९६, लोरेंझो २८५. अकरा पॉइंटची आघाडी आणि दोन रेस बाकी.

तिसरा माणूस मार्क मार्केझ, वय २२, आधीची दोन टायटल लागोपाठ घेतलेला, पण २०१५ ला सेपांगच्या आधीच पाच रेसमध्ये पॉइंटच नाहीत आणि त्यामुळे टायटलमधून केव्हाच बाहेर. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

पोस्टरवाला पोरगा

मार्केझ लहानपणापासून रॉसीचा भक्त, रॉसीसोबत फोटो काढलेला बारका पोरगा तुम्ही पण बघितला असेल. रॉसीच्या गावाजवळच्या रँचवर जाऊन त्याच्याबरोबर धुळीत गाडीही चालवून आलेला. २०१३ ला अमेरिकेत लगुना सेकाच्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणावर मार्केझने आतून मातीत गाडी घालून रॉसीला ओव्हरटेक केलं, अगदी तसंच जसं रॉसीने २००८ ला त्याच जागी तेव्हाचा प्रतिस्पर्धी केसी स्टोनरला केलं होतं, आणि तेव्हा रॉसी हसत होता. आपला वारसदार सापडला असं सगळ्यांनाच वाटलं.

मग २०१५ चं अर्जेंटिना. रॉसीने मागचा टायर जास्त कडक घेतला होता, मार्केझने त्यापेक्षा मऊ, आणि शेवटी शेवटी रॉसी सेकंदावर सेकंद खात त्याच्या मागे आला. शेवटून दुसऱ्या लॅपला दोघं चिकटले, मार्केझ पडला, रॉसी जिंकला आणि पोडियमवर मॅराडोनाच्या दहा नंबरची जर्सी घालून गेला, म्हणजे पब्लिकला कसं खिशात घालायचं हे या माणसाकडून शिकावं. नंतर असेन, शेवटच्या लॅपची शेवटची शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं), मार्केझ आतून घुसला, धडकले, आणि रॉसी गाडी सरळ वाळूतून काढून फिनिश लाइनवर पहिला. मार्केझच्या टीमला, होंडाला, ते पटलं नाही, पण निकाल बदलला नाही. माझ्या मते दोन्ही वेळा रॉसीची चूक नव्हती. पण बावीस वर्षांच्या पोराच्या पोटात दोन गोष्टी साठल्या असणार, आणि आपला देव आपल्यालाच असा गंडवतो हे सहन होणं सोपं नाही.

फिलिप आयलंड, १८ ऑक्टोबर

ही रेस ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आज रात्री बघा, वाद गेला खड्ड्यात. मार्केझ, लोरेंझो, इयानोने आणि रॉसी, चौघं सतत उलटसुलट. इयानोनेने तर चालत्या रेसमध्ये एका सीगलला डोकं मारलं, बिचारा पक्षी गेला. शेवटच्या लॅपला मार्केझने लोरेंझोला मागे टाकलं आणि जिंकला, लोरेंझो दुसरा, इयानोने तिसरा, रॉसी चौथा.

रॉसीचा नंतरचा आरोप असा की इथे मार्केझने लोरेंझोला मदत केली, आणि त्यावर मार्केझच्या बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा येतो. त्याला लोरेंझोला मदत करायची असती तर शेवटच्या लॅपला त्याचे पाच पॉइंट त्याने कशाला खाल्ले असते? जिंकणाऱ्याला पंचवीस, दुसऱ्याला वीस. यावर रॉसीचं उत्तर असं की पूर्ण रेस बघा, शेवटचा लॅप नाही. मार्केझकडे निघून जायचा वेग होता, तरी तो मुद्दाम आमच्यात घोटाळत राहिला, लोरेंझोला पुढे पळायला जागा मिळावी म्हणून, आणि शेवटी पाहिजे तेव्हा जाऊन जिंकला. या उत्तरात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, मार्केझचा शेवटचा लॅप बघितला की शंका येतेच. पण टायर वाचवून शेवटी घाव घालणं हे रॉसीने स्वतः आयुष्यभर केलंय, मग तेच दुसऱ्याने केलं की ते कारस्थान कसं होतं?

दसऱ्याचा गुरुवार

२२ ऑक्टोबर. आपल्याकडे त्या दिवशी दसरा, लोक आपट्याची पानं वाटत होते आणि तिकडे मलेशियात रॉसी आरोप वाटत होता. साधी नेहमीची प्रेस कॉन्फरन्स, मार्केझ आणि लोरेंझो तिथेच बसलेले, आणि रॉसी शांतपणे म्हणाला की फिलिप आयलंडला मार्केझ माझ्याशी खेळला, त्याला लोरेंझो चॅम्पियन व्हायला हवाय, अर्जेंटिना आणि असेनचा राग अजून त्याच्या मनात आहे. नंतर पत्रकारांसमोर लॅपटाइमचे कागदसुद्धा ठेवले. मार्केझ आधी हसत होता. ते हसू मला तेव्हाही खोटं वाटलं होतं.

रॉसीने हे का केलं? रॉसीचा पूर्वेतिहास ज्याला माहीत आहे त्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही, हा त्याचा जुना डाव होता. जुना प्रतिस्पर्धी मॅक्स बियाजीला त्याने रेसपेक्षा जास्त पत्रकारांसमोर हरवला. दुसरा प्रतिस्पर्धी सेटे जिबरनाऊचं तर उदाहरण क्लासिक आहे, २००४ ला कतारला रॉसीच्या माणसांनी ग्रिडवरची, म्हणजे स्टार्टची, जागा टायर घासून साफ केली म्हणून रॉसीला शेवटून स्टार्ट करावं लागलं, तक्रार करणाऱ्यांत जिबरनाऊची बाजू आहे असं रॉसीने डोक्यात घेतलं, आणि त्यानंतर जिबरनाऊ एकही रेस जिंकला नाही. एकही! २००५ ला हेरेझच्या शेवटच्या कॉर्नरला रॉसीने त्याला खांदा मारून वाळूत पाठवला ते पण आपण टाळ्या वाजवत पाहिलंय. समोरच्याच्या डोक्यात शिरायचं, त्याची झोप उडवायची आणि आपण हसत राहायचं. फॅन लोकांना हे इतकं आवडायचं की कोणी त्याला खुन्नस म्हटलंच नाही, त्याला कायम हुशारी म्हटलं.

पण हा डाव चालायला एक अट लागते. समोरच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी पाहिजे. बियाजीला टायटल हवं होतं, जिबरनाऊला हवं होतं, २००८ ला स्टोनरला हवं होतं, म्हणून ते दडपणाखाली चुकले. मार्केझकडे गमावण्यासारखं काहीच नव्हतं, तो टायटलमध्ये नव्हता, त्याला पॉइंटची गरज नव्हती, त्याला फक्त राग आला. रॉसीचा अंदाज बहुतेक असा असणार की जगासमोर बोललो की पोरगं लाजेने उरलेल्या दोन रेस आमच्यापासून लांब राहील. झालं उलट. तोपर्यंत मार्केझच्या मनात खुन्नस होती की नाही ते देव जाणे, त्या गुरुवारनंतर मात्र नक्की होती, आणि ती रॉसीने स्वतःच्या हाताने पेटवली.

सातवा लॅप, चौदावा कॉर्नर

रविवारी मार्केझचा होंडातला जोडीदार पेड्रोसा पहिल्यापासून पुढे, लोरेंझो त्याच्या मागे निघून गेला, आणि मागे तिसऱ्या जागेसाठी रॉसी आणि मार्केझची जुंपली. जुंपली म्हणजे काय, एका लॅपमध्ये कितीदा पुढे-मागे झाले ते मोजता मोजता कॉमेंट्रीवाल्यांची पण दमछाक झाली. रॉसी पुढे गेला की लगेच मार्केझ आतून, परत रॉसी, परत मार्केझ, आणि लोरेंझो तिकडे लांब लांब. हे बघून मार्केझ निरागसपणे स्वतःची रेस करत होता असं जो म्हणेल त्याला माझा नमस्कार. ज्याला पोडियम हवाय तो असं दर कॉर्नरला दोघांचाही वेळ घालवत नाही.

आणि मग चौदावा कॉर्नर, उजवं वळण. रॉसी आतल्या बाजूने, मार्केझ बाहेरून. रॉसीने गाडी नेहमीच्या लाइनवर वळवलीच नाही, बाहेर बाहेर नेत राहिला, वेग कमी केला, आणि मान वळवून मार्केझकडे बघितलं. एकदा नाही, बघतच राहिला. मार्केझने त्याच्याकडे गाडी झुकवली, दोघं लागले, रॉसीचा डावा पाय फूटपेगवरून सुटला आणि मार्केझ खाली. रॉसी म्हणाला त्याच्या हँडलने माझा पाय उडाला. होंडा म्हणाली आमच्या डेटात पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर दणका बसलेला दिसतोय, त्यामुळे चाक लॉक झालं, पण तो डेटा शेवटपर्यंत लोकांसमोर ठेवला नाही. मग त्यावर माणसाने विश्वास तरी कसा ठेवायचा?

लाथेवर दहा वर्षं भांडणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचावी, रेस डायरेक्शनने (रेसच्या पंचांनी) शिक्षा लाथेसाठी दिलीच नव्हती. रेस डायरेक्टर माइक वेब आणि मंडळींचं म्हणणं साधारण असं होतं की मार्केझ रॉसीचा वेग मुद्दाम बिघडवत होता, पण त्यात कुठला नियम मोडला नाही, रॉसीने मात्र जाणूनबुजून त्याला बाहेर ढकललं आणि त्यातून धडक झाली. तीन पेनल्टी पॉइंट. बस. मला तरी हा निकाल त्या परिस्थितीत बरोबरच वाटतो, म्हणजे मनाला लागतो पण बरोबर वाटतो. मार्केझने डिवचलं, रॉसी डिवचला गेला. नियमाच्या पुस्तकात दुसऱ्याला शिक्षा असते, पहिल्याला नसते.

नशिबाचा खेळ असा की तीन पॉइंटने काहीच झालं नसतं. तेव्हाच्या नियमात चार झाले की पुढच्या रेसला सगळ्यात मागून स्टार्ट. आणि रॉसीकडे एक आधीचा शिल्लक होता, मिसानोच्या क्वालिफायिंगला लोरेंझोच्या वाटेत हळू चालला म्हणून मिळालेला. तीन अधिक एक. घरच्या ट्रॅकवर केलेला फालतू आळशीपणा महागात पडला.

अजून एक हिशोब फॅन लोक करत नाहीत, जरा थंड डोक्याने करा. सेपांगला मार्केझ पडल्यामुळे रॉसी तिसरा आला, १६ पॉइंट मिळाले, एकूण ३१२, लोरेंझो ३०५. समजा धडक झालीच नसती आणि मार्केझ तिसरा, रॉसी चौथा आला असता, तर १३ मिळून ३०९. व्हॅलेन्सियाला लोरेंझो जिंकला आणि ३३० वर पोचला. ३०९ वरून रॉसी दुसरा आला असता तरी ३२९, म्हणजे एका पॉइंटने गेलंच असतं! ३१२ वरून दुसरा आला असता तर ३३२, म्हणजे चॅम्पियन. थोडक्यात धडकेने त्याला जे तीन पॉइंट दिले त्यांची किंमत सोन्याची होती, आणि त्याच धडकेने त्याला ग्रिडच्या शेपटाला पाठवून ते वापरायची सोय काढून घेतली.

दोन आठवडे नुसता धुरळा

रॉसीने अपील केलं, त्याच दिवशी फेटाळलं. मग स्वित्झर्लंडच्या खेळांच्या कोर्टात गेला, तिथे ५ नोव्हेंबरला शिक्षेला स्थगिती नाकारली, आणि डिसेंबरमध्ये त्याने केसच मागे घेतली. इटलीत वेगळंच युद्ध, स्पेनमध्ये वेगळंच. शिक्षा रद्द करा म्हणून लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. सेपांगच्या पोडियमवर लोरेंझोने अंगठा खाली करून दाखवला होता, पब्लिकने त्याला हुर्यो केलं, नंतर त्याने त्याबद्दल माफी मागितली. तो मनुष्य तोपर्यंत सहा रेस जिंकला होता आणि तरी त्या दोन आठवड्यांत त्याच्या रायडिंगबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त अन्याय कोणावर झाला असेल तर लोरेंझोवर, हे मी रॉसीवाला असून म्हणतो.

पुण्यात तेव्हा काय वातावरण होतं ते वेगळं सांगायला नको, पल्सर असो नाहीतर आर वन फाइव्ह, रॉसीच्या नंबरचा, पिवळा ४६ चा स्टिकर नसलेली गाडी शोधावी लागायची, आणि मार्केझचा ९३ लावलेला एखादा पोरगा दिसला की सिग्नलला लोक त्याच्याकडे असं बघायचे जसं काही त्यानेच रॉसीला मागून उभं केलंय. आमच्यात एक जण होता, फार हुशार माणूस, तो म्हणायचा रॉसीने लाथ मारली असेल तरी बरोबर केलं. त्याला विचारलं की हेच मार्केझने रॉसीला केलं असतं तर? उत्तर आलं नाही, चहा आला.

८ नोव्हेंबर, दिवाळी तोंडावर, व्हॅलेन्सिया. रॉसी सगळ्यात मागून निघाला आणि निम्मी रेस व्हायच्या आत चौथा. काही जणांनी त्याला उघडउघड वाट दिली, हे पण मान्य करा, नुसतं स्पेनवाल्यांनी लोरेंझोला मदत केली एवढंच म्हणत बसू नका. पण चौथ्या जागेवरून पुढे बघितलं तर पहिले तिघं गायब. लोरेंझो पहिल्या लॅपपासून पुढे, मार्केझ त्याच्या मागच्या चाकाला चिकटून, आणि पूर्ण रेस त्याने एकदाही धड हल्ला केला नाही. शेवटी पेड्रोसा जवळ येऊन मार्केझच्या पुढे गेला तर मार्केझने त्याला लगेच परत मागे टाकलं! म्हणजे पेड्रोसाला ओव्हरटेक करता येतं, लोरेंझोला येत नाही? मार्केझ म्हणाला मी शेवटच्या लॅपची वाट बघत होतो, पेड्रोसामुळे तो डाव फिसकटला. ज्याला पटतं त्याला पटो, माझ्या गळ्याखाली ते उतरत नाही. लोरेंझो ३३०, रॉसी ३२५.

मग रॉसी माणूस कसा?

फॅन लोकांचे दोन तट आहेत आणि दोघांचाही रॉसी अर्धाच आहे. एका तटाचा रॉसी म्हणजे संत, ज्याला स्पॅनिश टोळीने लुटलं. दुसऱ्या तटाचा रॉसी म्हणजे माजलेला म्हातारा, हरायला लागल्यावर रडीचा डाव खेळणारा.

दुसऱ्या तटाला मी २००६ आठवायला सांगतो. तेव्हाही व्हॅलेन्सिया, तेव्हाही रॉसी पुढे, आठ पॉइंटने, आणि पाचव्याच लॅपला स्वतः पडला आणि टायटल निकी हेडनला गेलं, २५२ विरुद्ध २४७. तिथेही बरोब्बर पाच पॉइंट. त्या दिवशी रॉसीने जाऊन हेडनचं मनापासून अभिनंदन केलं, कोणावर खापर फोडलं नाही. मग हरता न येणारा माणूस कसा म्हणता? फरक एवढाच की २००६ ला चूक त्याची स्वतःची होती आणि पुढची संधी मिळणार हे त्याला माहीत होतं. २०१५ ला छत्तिशीत ती बहुतेक शेवटची संधी होती, आणि घाबरलेला माणूस आपलं सगळ्यात जुनं हत्यार काढतो. त्याने तेच काढलं.

आणि पहिल्या तटाला एवढंच, मार्केझबद्दल जे जे आपण म्हणतो, निर्दय आहे, धक्के देतो, समोरच्याची पर्वा करत नाही, ते सगळं आधी बियाजी, जिबरनाऊ आणि स्टोनर रॉसीबद्दल म्हणून झालेत. पोरगा त्याचं बघूनच शिकला. त्याला देवपण देणारे आपण, आणि चेला तसाच निघाला की गळा काढणारे पण आपणच.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, २०१६ ला बार्सिलोनाला छोट्या क्लासमधला रायडर लुईस सालोम अपघातात गेला तेव्हा दोघांनी हात मिळवला, वाटलं संपलं. २०१८ ला अर्जेंटिनात मार्केझने चक्रमासारखी रेस केली, ग्रिडवर गाडी बंद पडली, उलटा फिरवून आणली, एकेकाला ठोकत आला आणि रॉसीला पाडलं. माफी मागायला गेला तर रॉसीच्या माणसांनी गॅरेजच्या दारातूनच परत पाठवला, आणि त्याच वर्षी मिसानोला रॉसीने कॅमेऱ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवायला नकार दिला. रॉसी २०२१ ला रिटायर झाला, दहावं टायटल आलं नाही ते नाहीच. चार पॉइंटला मागून स्टार्टचा तो नियम नंतर काढूनच टाकला.

२०२५ ला जपानमधल्या मोटेगीला मार्केझने डुकाटीवर नववं टायटल घेतलं, म्हणजे आता नऊला नऊ. पुढच्याच रेसला, इंडोनेशियात, पहिल्या लॅपला मार्को बेझेकी मागून त्याच्यावर धडकला, मार्केझचा उजवा खांदा गेला आणि सीझन तिथेच संपला. बेझेकी रॉसीच्या अकॅडमीतला. आमच्यातल्या त्याच हुशार माणसाचा मेसेज आलाच, सेपांगचा बदला पूर्ण. अरे बाबा, सेपांग झालं तेव्हा बेझेकी १६ वर्षांचा होता, आणि धडकल्यावर त्याने लगेच माफी पण मागितली.